उसनें बीज आणि चोरलेलें पीक

पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याकडून बियाणें उसनें आणण्याची रीत खेडोपाडीं फार जुनी आहे. त्यांत आणणाऱ्यास लाज वाटत नाहीं आणि देणाराही त्यास चोरी म्हणत नाहीं. परंतु तोच मनुष्य रात्रीच्या अंधारांत शेजाऱ्याचें उभें पीक कापून नेऊं लागला, तर सारा गांव काठ्या घेऊन त्याच्यामागें धांवतो. दाणा तोच, मग पहिलें कृत्य निर्दोष कां आणि दुसरें गुन्हा कां, हें कोणत्याही शेतकऱ्यास समजावून द्यावें लागत नाहीं. बियाणें नेणारा पुढें आपली जमीन, आपला घाम आणि आपला पावसाळा त्यावर खर्च करतो. पीक नेणारा हें सर्व दुसऱ्याचें नेतो. कथा, कादंबरी आणि नाटक यांच्या प्रांतांत मात्र हा साधा विवेक पुष्कळदां सुटतो.

तो दोन्ही बाजूंनीं सुटतो. एखादा होतकरू लेखक सहा महिने खपून एक कथा लिहितो. बांधावरून हाडवैर धरलेलीं दोन घराणीं, त्या घराण्यांतील मुलगा व मुलगी यांचें प्रेम, आणि त्या मुलांच्या दुःखांतून अखेर झालेला समेट, असा तिचा विषय असतो. कथा वाचून दाखवितांच एखादा स्नेही म्हणतो, “अहो, ही गोष्ट तर शेक्सपिअरनें केव्हांच लिहून ठेविली आहे!” बिचारा लेखक खजील होऊन हस्तलिखित ट्रंकेंत टाकतो. दुसऱ्या लेखकाची तऱ्हा याच्या उलट. तो एखादी परकी कादंबरी पुढें उघडून ठेवतो, पानामागून पान उतरवितो, लंडनचें पुणें करतो, जॉनचा जनार्दन करतो, आणि नांवें बदललीं म्हणजे कथा आपली झाली असें समजून निर्धास्त राहतो. पहिला आपल्या मालकीची वस्तु टाकून देतो. दुसरा परक्याची वस्तु आपली म्हणून मिरवितो. दोघांचीही चूक एकाच अज्ञानांतून होते. उसनवारी कोठें संपते आणि चोरी कोठें सुरू होते, ती सीमा दोघांनाही ठाऊक नसते.

ही सीमा पाहावयाची तर कथेचे तीन थर वेगळे करून पाहिले पाहिजेत. सर्वांत तळाशीं असतें तें कथाबीज. ‘वैऱ्यांच्या मुलांचें प्रेम’ एवढ्या तीन शब्दांत तें मावतें. त्याच्यावर पात्रें आणि घटनांची साखळी यांचा थर असतो. कोण कोणास कोठें भेटला, कोणत्या कारणानें रुसला, कोणत्या चुकीमुळें नाश पावला, हें सारें त्यांत येतें. आणि सर्वांत वर शब्दांचा थर असतो, म्हणजे वर्णनें, संवाद आणि वाक्यांची ठेवण. तळचा थर सर्वांचा आहे. वरचा थर सर्वस्वीं ज्याचा त्याचा आहे. वाद माजतो तो मधल्या थराविषयीं.

शाळेंतील अनुभवी शिक्षकास हे भेद ग्रंथावांचून कळतात. ‘पावसाळा’ या विषयावर ४० मुलांनीं निबंध लिहिला, तर चाळीसही वह्यांत काळे ढग, बेडूक आणि गळकें छप्पर येणारच. त्याबद्दल कोणी कोणास शिक्षा करीत नाहीं. परंतु दोन वह्यांत बेडूक, छप्पर आणि अंगणांत पाय घसरून पडलेली आजी हीं एकाच क्रमानें आलीं, आणि दोन्ही आज्यांचा डावाच पाय मुरगळला, म्हणजे शिक्षक चष्मा पुसून पुन्हां वाचूं लागतो. शुद्धलेखनाची एकच विचित्र चूक दोन्ही वह्यांत सांपडली, म्हणजे मग साक्षीपुराव्याची गरज राहत नाहीं. विषय समान असणें हा मुळीं पुरावाच नव्हे. क्रम समान असला तर संशय येतो. आणि चूकसुद्धां समान निघाली तर खात्री पटते.

ज्या बीजानें त्या होतकरू लेखकास खजील केलें, त्याचीच वंशावळ येथें पाहावी. शेक्सपिअरचें ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ १५९७ सालीं प्रथम छापलें गेलें. परंतु ती गोष्ट त्याची नव्हे. आर्थर ब्रूक या इंग्रज कवीनें ती १५६२ सालीं एका दीर्घ काव्यांत सांगितली होती. ब्रूकनें ती बांदेल्लो या इटालियन कथाकाराच्या १५५४ सालच्या गोष्टीच्या फ्रेंच रूपांतरावरून घेतली होती. बांदेल्लोच्या आधीं लुइजी दा पोर्तो यानें तीच लिहिली होती; आणि त्याच्याही आधीं, १४७६ सालीं, मासूच्चो या लेखकाच्या कथासंग्रहांत गुप्त विवाह आणि झोपेचें औषध यांनीं युक्त अशी तिची एक पूर्वज प्रसिद्ध झाली होती. म्हणजे शेक्सपिअरच्या हातीं आलें तें बीज किमान चार शेतांतून फिरून आलेलें होतें.

मग शेक्सपिअरनें केलें काय? ब्रूकच्या काव्यांत ही कथा कित्येक महिने रेंगाळते. शेक्सपिअरनें ती अवघ्या चार-पांच दिवसांत बसविली, आणि त्यामुळें कोणत्याही पात्रास थांबून विचार करावयास अवसरच उरला नाहीं. ब्रूकची ज्युलिएट १६ वर्षांची आहे. शेक्सपिअरच्या ज्युलिएटला १४ वें वर्षही पुरें झालेलें नाहीं. काव्यांत जेमतेम डोकावून जाणारा मर्क्यूशिओ नाटकांत असा जिवंत होतो कीं, त्याच्या मृत्यूबरोबर सर्व नाटकाचा रंग पालटतो. ब्रूक आपल्या प्रस्तावनेंत वडिलांची आज्ञा मोडणाऱ्या प्रेमिकांना दोष देतो. शेक्सपिअरच्या नाटकांत दोषाचें माप वडिलांच्या पदरांत पडतें. साखळी बरीचशी तीच राहिली, पण तिच्यांतील घटनांचें ‘कां’ बदललें. मात्र या उदाहरणावरून आजच्या लेखकानें सारेंच रान मोकळें आहे असें समजूं नये. त्या काळीं ग्रंथकर्त्याच्या हक्काचा कायदाच नव्हता. इंग्लंडांत असा पहिला कायदा १७१० सालीं आला.

कायदा आल्यानंतर हेंच बीज न्यायालयापुढेंही गेलें. न्यूयॉर्क येथें १९२२ सालीं ॲन निकोल्स या लेखिकेचें ‘ॲबीज आयरिश रोझ’ हें नाटक रंगभूमीवर आलें आणि त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी, दोघांचे संतापलेले बाप आणि नातवंडांमुळें झालेला समेट, अशी त्याची कथा होती. १९२६ सालीं ‘द कोहेन्स अँड केलीज’ हा चित्रपट निघाला. त्यांतही एक ज्यू कुटुंब, एक आयरिश कुटुंब, मुलांचा गुप्त विवाह आणि नातवंड हीं होतींच. लेखिकेनें दावा लावला. १९३० सालीं न्यायाधीश लर्नेड हँड यांनीं तिच्याविरुद्ध निकाल दिला. नाटकांतील बापांचें भांडण धर्मावरून होतें. चित्रपटांत धर्माचा प्रश्न नव्हता, होती ती शेजाऱ्यांची खडाखडी आणि एका वारशाची भानगड. हँड यांच्या विवेचनाचें तात्पर्य असें कीं, कथेंतून एकेक तपशील गाळीत गेलें असतां शेवटीं जो सांगाडा उरतो तो कोणाच्याच मालकीचा नसतो. परंतु मालकी संपण्याची ती हद्द नेमकी कोठें लागते, हें आजवर कोणास आंखतां आलें नाहीं आणि पुढेंही येणार नाहीं.

तेंच बीज भारतांत आलें तेव्हां ज्यू आणि आयरिश यांच्या जागीं पंजाबी आणि मद्रासी आले. आर. जी. आनंद या नाटककारांनीं १९५३ सालीं ‘हम हिंदुस्तानी’ हें नाटक लिहिलें आणि १९५४ सालीं तें दिल्लींत रंगभूमीवर आलें. शेजारीं राहणारीं दोन भिन्नप्रांतीय कुटुंबें, त्यांच्या मुलांचें प्रेम, आणि आडवा येणारा प्रांताभिमान, हा त्याचा विषय. एका चित्रपट-दिग्दर्शकानें या नाटकाविषयीं उत्सुकता दाखविली, म्हणून १९५५ च्या आरंभीं आनंद यांनीं तें त्यास संबंध ऐकविलें. त्यानंतर त्यांना कांहींच कळलें नाहीं. १९५६ सालीं ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट पडद्यावर आला. त्यांतही पंजाबी तरुण होता, मद्रासी मुलगी होती, आणि प्रांताभिमान होता. ज्यानें आपली कृति विश्वासानें दुसऱ्यास ऐकविली, त्याला तो चित्रपट पाहतांना काय वाटलें असेल याची कल्पना कोणासही करतां येईल. आनंद यांनीं दावा लावला. खालच्या न्यायालयांत ते हरले, उच्च न्यायालयांत हरले, आणि चित्रपट झळकल्यापासून २२ वर्षांनीं, १९७८ सालीं, सर्वोच्च न्यायालयांतही हरले.

कां हरले? न्यायालयानें दोन्ही कृति शेजारीं ठेवून पाहिल्या. नाटकांत प्रांताभिमान डोकें वर काढतो तो लग्नाचा प्रश्न निघाल्यावर. चित्रपटांत तो आरंभापासूनच, परप्रांतीय तरुणास दिल्लींत राहावयास खोली मिळत नाहीं तेथपासून, दिसतो, आणि त्या तरुणाला मद्रासी असल्याचें सोंग घ्यावें लागतें. चित्रपटांत हुंड्याच्या अनिष्ट चालीवर टीका आहे. नाटकांत ती नाहीं. यावरून न्यायालयानें तत्त्व सांगितलें तें असें: कल्पना, विषय, कथाबीज, इतिहासांतील किंवा पुराणांतील हकीकत यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो; हक्क असतो तो त्यांना दिलेल्या रूपावर, रचनेवर आणि अभिव्यक्तीवर. आणि कसोटी सांगितली ती अशी: दोन्ही कृति वाचणाऱ्या किंवा पाहणाऱ्या मनुष्याच्या मनावर, दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, असा निःसंदिग्ध ठसा उमटतो कीं नाहीं?

या निकालास एक पुरवणी आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. न्यायमूर्ति पाठक यांनीं निकालास संमति दिली, परंतु ती मोकळ्या मनानें नव्हे. चित्रपटाच्या लेखकांवर नाटकांतील कथानकाचा कांहीं अंशीं परिणाम झालेला दिसतो, असें त्यांनीं नोंदविलें. खालच्या दोन्ही न्यायालयांनीं वस्तुस्थितीचा निर्णय एकमतानें केला असल्यामुळें त्यांनीं त्यांत हात घातला नाहीं. मात्र क्षुल्लक फेरफार करून आणि मूळ विषयाचा विस्तार करून वर वेगळेपणाचा पडदा टाकला म्हणजे दुसऱ्याची कृति सहज पचवितां येते, असा समज पसरत असेल, तर एखाद्या अधिक स्पष्ट प्रकरणांत न्यायालयाला तो दूर करावा लागेल, असा इशारा त्यांनीं देऊन ठेविला. आनंद यांच्या हातीं दुसरें कांहीं पडलें नाहीं, तरी एवढी कबुली पडली. नव्या लेखकानें या निकालांतून दोन्ही गोष्टी घ्याव्या: बीज मोकळें आहे हा दिलासा, आणि पडदा फाटूं शकतो हा धाक.

पडदा फाटल्याचींही उदाहरणें आहेत. ब्रॅम स्टोकर याची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. १९२२ सालीं जर्मनींत तिच्यावरून ‘नोस्फेराटू’ हा चित्रपट निघाला. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, इंग्लंडच्या जागीं एक जर्मन गांव आलें. परंतु डोंगरांतील गढीवर घराच्या व्यवहारासाठीं जाणारा तरुण, त्याचा रक्तपिपासु यजमान, त्या यजमानाचें गलबतांतून येणें आणि खलाशांचा नाश, ही साखळी राहिलीच. स्टोकरच्या विधवेनें न्यायालयांत धांव घेतली, आणि १९२५ सालीं चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. कांहीं प्रती त्यांतून वांचल्या, म्हणूनच तो चित्रपट आज पाहावयास मिळतो. म्हणजे जॉनचा जनार्दन केल्यानें कांहीं साधत नाहीं.

दुसरें उदाहरण वरच्या थराचें, म्हणजे शब्दांचें आहे. ॲलेक्स हेली यांचें ‘रूट्स’ हें पुस्तक १९७६ सालीं प्रसिद्ध होऊन जगभर गाजलें. आफ्रिकेंतून गुलाम करून अमेरिकेंत आणलेल्या माणसाची आणि त्याच्या वंशजांची ती कथा. हा विषय इतिहासाचा, म्हणजेच सर्वांचा. परंतु हॅरल्ड कोर्लँडर यांनीं आपल्या १९६७ सालच्या ‘द आफ्रिकन’ या कादंबरींतील उतारे त्यांत आल्याचा दावा लावला. खटला चालूं असतांच, १९७८ च्या अखेरीस, तडजोड झाली. त्या कादंबरींतील मजकूर आपल्या पुस्तकांत आल्याचें हेली यांनीं मान्य केलें, खेद व्यक्त केला आणि मोठी रक्कम भरून दिली. विषयाबद्दल त्यांना कोणीही बोल लाविला नव्हता; बोल लागला तो उताऱ्यांबद्दल.

येथें आणखी एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कायद्याचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन वस्तु एकच नव्हेत. ‘नोस्फेराटू’च्या आरंभीं स्टोकरच्या कादंबरीचा नामनिर्देश होता, म्हणजे तेथें लपवालपवी नव्हती, तरीही परवानगी नसल्यामुळें कायदा मोडला गेला. उलटपक्षीं, भारतांत ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याच्या ग्रंथावरील हक्क संपतो. त्यानंतर त्याची कथा जशीच्या तशी उतरून वर आपलें नांव घातलें तर कोणतेंही न्यायालय बोलावणार नाहीं. तरीही ती चोरीच. पहिल्या प्रकारांत मालकाचें नुकसान होतें; दुसऱ्या प्रकारांत वाचकाची फसवणूक होते. म्हणून ‘कायद्यांत बसतें ना?’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या लेखकानें अर्धाच प्रश्न विचारलेला असतो.

आपल्याकडील साहित्यशास्त्रज्ञांना हा प्रश्न कायद्याच्या कितीतरी आधीं पडला होता. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतांत दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले. एक साम्य आरशांतील प्रतिबिंबासारखें. दुसरें माणूस आणि त्याचें चित्र यांच्यांतल्यासारखें. तिसरें दोन जिवंत माणसांच्या तोंडवळ्यांतल्यासारखें. पहिलीं दोन टाकावीं. तिसरें टाकण्याचें कारण नाहीं, कारण त्या दोघांचा आत्मा वेगळा असतो. पुढें राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’ंत शब्दांची चोरी आणि अर्थाची चोरी यांसाठीं स्वतंत्र अध्यायच लिहिले. हजार वर्षांनंतर न्यायालयें ज्या सांगाड्याविषयीं आणि ठशाविषयीं बोललीं, त्याचेंच हें अधिक सुटसुटीत रूप म्हणतां येईल.

उघड उसनवारीचा एक सन्मान्य मार्गही आहे, तो म्हणजे रूपांतर. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहिलें असेल, त्यांना ती तसबीर आठवेल. मूर्च्छा आलेली तरुणी, तिला सांवरणारा गृहस्थ, तें पाहणारी त्याची पत्नी, आणि तिला सांपडलेली तसबीर, ही साखळी मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’ या प्रहसनांत आहे. तेथून ती आर्थर मर्फी याच्या १७६१ सालच्या ‘ऑल इन द राँग’ या इंग्रजी नाटकांत आली, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ सालीं ‘फाल्गुनराव’ हें नाटक रचलें. त्याचेंच संगीत रूप १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. येथें मधला थर जवळजवळ संबंध घेतलेला आहे. तरीही देवलांना कोणी चोर म्हणत नाहीं. कारण त्या नाटकाची नोंद मराठी नाट्येतिहासांत रूपांतर अशीच आहे. आणि देवलांनीं आपल्या पदरचें घातलें तें थोडें नव्हे. रेवतीला नायकिणीच्या घरांत जन्म देऊन त्यांनीं अश्विनशेटच्या संशयास महाराष्ट्रांतील कारण दिलें. आणि फाल्गुनरावाच्या तोंडीं अशी घरगुती मराठी घातली कीं, तो पॅरिसहून आला आहे हें प्रेक्षकाच्या ध्यानींमनींही येत नाहीं.

तेव्हां लेखकानें स्वतःची परीक्षा कशी घ्यावी? पहिली गोष्ट, आपल्या कथेंतील नांवें आणि गांवें झांकून घटनांची टिपणी करावी, ज्या कृतीचा आधार घेतला तिचीही करावी, आणि दोन्ही शेजारीं ठेवाव्या. किती दुवे त्याच क्रमानें आणि त्याच कारणानें आले आहेत, हें मोजावें. क्रम थोडा जुळला तरी चालेल. कारणेंही जुळूं लागलीं तर थांबावें. दुसरी गोष्ट, मूळ लेखक समोर बसला आहे अशी कल्पना करून आपली कथा मोठ्यानें वाचावी. ज्या परिच्छेदाशीं आवाज खालीं येईल तो परिच्छेद आपला नव्हे. तिसरी गोष्ट, लिहितांना दुसऱ्याचें पुस्तक उघडें ठेवूं नये. मिटलेल्या पुस्तकांतून बीज तेवढें येतें. उघड्या पुस्तकांतून पीक येतें. आणि मधला थर घेतल्यावांचून चालतच नसेल, तर मालकाचा हक्क जिवंत असल्यास परवानगी घ्यावी, आणि तो संपला असला तरी मुखपृष्ठावर किंवा प्रस्तावनेंत ऋण मान्य करावें. एका ओळीच्या कबुलीनें कोणताही लेखक लहान झालेला नाहीं.

आणि ट्रंकेंतील तें हस्तलिखित? तें बाहेर काढण्यास कांहींच हरकत नाहीं. वैऱ्यांच्या मुलांचें प्रेम शेक्सपिअरचें नव्हतें, ब्रूकचें नव्हतें, मासूच्चोचेंही नव्हतें. परंतु बांधावरचा तो दगड, मोजणीच्या दिवशीं दोन्ही घरांत न पेटलेली चूल, आणि मुलगी कोणाच्या विहिरीवर पाणी भरते हें ठाऊक असूनही गप्प बसलेली तिची आई, हीं ज्यानें स्वतः पाहून लिहिलीं त्याचींच आहेत. त्यानें तीं कोणास न भितां छापावीं. बियाणें आणणाऱ्यास रात्रीची वेळ निवडावी लागत नाहीं.